सीआरपी बोल्डमध्ये आलाय, आता काय?

पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रोडपासून ऐरोली-घणसोलीपर्यंत जवळपास प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लॅबवाल्यांची पत्रकं लागतात. फीवर पॅनल, फुल बॉडी चेकअप, हल्ली तर ‘इन्फ्लमेशन प्रोफाइल’ पण. सकाळी घरी येऊन सॅम्पल नेतात, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. मग रात्री तीच पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडते, एक आकडा बोल्ड केलेला आणि खाली प्रश्न, "सीआरपी १८ आलाय, ५ च्या आत पाहिजे म्हणतात, काही सिरियस आहे का?" त्यावर कोणी ॲन्टिबायोटिकचं नाव टाकतं, कोणी हळदीचं दूध, आणि एकजण हमखास लिहितो की कोविडमध्ये आमच्या काकांचा दोनशे होता, सायटोकाइन स्टॉर्म झालेलं. झालं, त्या माणसाची झोप उडाली.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर औषध सांगणार नाही. पण सीआरपी (म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, शरीरात आत कुठे सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) हा आकडा येतो कुठून आणि त्याच्यावरून काय कळतं, काय अजिबात कळत नाही, एवढं तरी सगळ्यांना माहीत असायला हवं, कारण पैसे आपण भरतो आणि घाबरतोही आपणच.

आधी सायटोकाइन म्हणजे काय ते

आपल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी छोटी छोटी प्रोटीन्स सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्यात बरीच घराणी आहेत, इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, टीएनएफ वगैरे. इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडनमन या दोघांनी शोधलं, आणि त्यानंतर यादी वाढतच गेली. आपल्याला या लेखात मुख्यतः दोन नावं लागतील, आयएल-६ (म्हणजे इंटरल्यूकिन नंबर सहा) आणि टीएनएफ.

ठाणे स्टेशनवरची अनाउन्समेंट डोळ्यासमोर आणा. "पनवेलला जाणारी लोकल फलाट क्रमांक दहावर" असं स्पीकरवर आलं की आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो पण पळतात फक्त पनवेलवाले, कर्जतवाला मोबाइलमधून मान वर करत नाही. सायटोकाइनचं असंच आहे. ते रक्तातून दूरवर पोचू शकतं पण ज्या पेशीवर ते पकडणारा रिसेप्टर आहे तीच हलते, आणि प्रत्येक पेशी वेगळं काहीतरी करते. एकच आयएल-६ लिव्हरला सांगतं प्रोटीन्स बनव, मेंदूला सांगतं तापमान वाढव, बी पेशींना सांगतं अँटीबॉडीच्या कामाला लागा. त्यामुळे ‘हे सायटोकाइन चांगलं की वाईट’ हा प्रश्नच नीट बसत नाही. कुठे, किती वेळ, कोणासाठी, ते बघावं लागतं.

ताप आला की अंग मोडून येतं, भूक मरते, झोपून राहावंसं वाटतं, याचं खापर आपण व्हायरसवर फोडतो. खरं तर त्यातला मोठा भाग आपल्याच निरोपांचा आहे. आयएल-१, आयएल-६, टीएनएफ हे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागापर्यंत खबर पोचवतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, व्हायरसला हातही लावत नाही. म्हणून गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असं होत नाही. डेंग्यूत तर हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण तिथे सगळ्यात नाजूक दिवस बरेचदा ताप उतरताना येतात. सायटोकाइन आणि इतर काही गोष्टींमुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, बीपी पडू शकतं, आणि घरचे म्हणत असतात, ताप गेला, आता डिस्चार्ज द्या.

मग रिपोर्टमध्ये सायटोकाइन का नसतं, सीआरपी का असतं

कारण सायटोकाइन मोजणं कटकटीचं आहे. ती रक्तात अगदी थोडी असतात, बरीचशी लवकर नाहीशी होतात, आणि जिथे गडबड चाललीय तिथे (समजा गुडघ्यात) भरपूर असली तरी दंडातून काढलेल्या रक्तात फारशी दिसतीलच असं नाही. सीआरपीचं तसं नाही. आयएल-६ चा निरोप मिळाला की लिव्हर ते भराभर बनवायला घेतं, सहा-आठ तासांत आकडा वर जायला लागतो, साधारण दोन दिवसांत टोक गाठतो, आणि कारण संपलं की दर १९ तासांनी जवळपास अर्धा होत खाली येतो. मोजायला स्वस्त आणि सोपं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते सापडलं, म्हणजे टेस्टमागचा शोध तसा जुनाच आहे.

आता स्टेशनवर परत या. तुम्ही बाहेर गावदेवीच्या बाजूला उभे आहात, आतली अनाउन्समेंट ऐकू येत नाही, पण पुलावर अचानक गर्दी पळताना दिसली. काहीतरी झालं एवढं कळलं. कुठली गाडी, कुठला फलाट, गाडी लेट की रद्द, यातलं काही कळलं नाही. सीआरपी म्हणजे ही पुलावरची गर्दी. दाढ किडली तरी वाढतो, न्यूमोनियात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, संधिवातात वाढतो, पडून मार लागला तरी वाढतो. आकडा १०० च्या पुढे गेला तर बरेचदा मागे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन निघतं, हे खरं, पण ॲडिनोव्हायरस लहान मुलांमध्ये सीआरपी चांगलाच चढवतो आणि त्यावर ॲन्टिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलटही होतं, ल्युपस नावाच्या आजारात शरीरात धुमाकूळ चाललेला असताना सीआरपी कधीकधी निवांत असतो.

त्यामुळे १८ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. काल ६० होता आणि आज १८ असेल तर गाडी रुळावर येतेय, आणि काल ६ होता आज १८ आणि माणूस धापा टाकतोय तर वेगळी गोष्ट. डॉक्टर "दोन दिवसांनी परत करू" म्हणतात ते पैसे काढायला म्हणतात असं आपल्याला वाटतं, पण या टेस्टचा खरा उपयोग दुसऱ्या वेळीच होतो.

ईएसआर, आणि आपल्याकडच्या बायकांचे रिपोर्ट

यावर मी थोडं जास्त बोलणार आहे कारण घरोघरी हा गोंधळ आहे. ईएसआर म्हणजे रक्त उभ्या नळीत ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते बघायचं, इतकी साधी टेस्ट. सूज असेल तर लिव्हर फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटून चळती होतात आणि पटकन खाली बसतात. पण लाल पेशीच कमी असतील तरी त्या भराभर बसतात! म्हणजे हिमोग्लोबिन कमी, तर ईएसआर जास्त. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघालाय. वर गरोदरपणात ईएसआर वाढतो, वयानुसार वाढतो. मग एखाद्या काकूंचा ईएसआर ४५ आला, इंटरनेटवर सर्च केलं, कॅन्सरपासून टीबीपर्यंत सगळं वाचून झालं, आणि त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर हिमोग्लोबिन ९ लिहिलेलं आहे ते कोणी बघितलंच नाही.

फेरिटिनची गंमत याहून वाईट. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट, पण सूज असली की ते उगाच वाढतं, निरोपांचा परिणाम त्याच्यावरही होतो. म्हणजे लोह खरोखर कमी असताना, तापाच्या आठवड्यात टेस्ट केली तर फेरिटिन ‘नॉर्मल’ येऊ शकतं आणि लोहाची गोळी बंद होते. म्हणून फेरिटिन आणि सीआरपी शेजारी शेजारी ठेवून वाचायचे.

सायटोकाइन स्टॉर्म: खारघरला जाऊन बघू

२०२० मध्ये हा शब्द घरात शिरला आणि अजून गेला नाही. खरं स्टॉर्म कसं असतं हे बघायचं तर नवी मुंबईतच उदाहरण आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, तिथल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये जून २०२१ मध्ये भारतातली पहिली कार-टी थेरपी दिली गेली, आयआयटी बॉम्बेमध्ये तयार झालेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली. यात पेशंटच्या स्वतःच्या टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढतात, रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी ओळखता येतील असा बदल त्यांच्या जीन्समध्ये करतात आणि परत शरीरात सोडतात. त्या कॅन्सरवर तुटून पडल्या की एकावेळी इतके निरोप सुटतात की ऐकून दुसऱ्या पेशी आणखी निरोप सोडतात, खूप ताप येतो, बीपी पडतं, ऑक्सिजन कमी होतो. हे होऊ शकतं हे डॉक्टरांना आधीच माहीत असतं म्हणून पेशंटवर बारीक लक्ष ठेवतात.

याच्यावरचा उपाय सापडला त्याची गोष्ट छान आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला ही थेरपी दिली आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमॅब नावाचं औषध तेव्हा संधिवातासाठी मिळत होतं, जपानमध्ये किशिमोतो यांच्या आयएल-६ वरच्या संशोधनातून आलेलं. ते दिलं आणि काही तासांत तिच्यात फरक पडला.

आता कोविडवाल्यांचा प्रश्न. तिथेही स्टॉर्मच होतं ना? तर आकडे बघितले की शंका येते. २०२० मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा गंभीर कोविडमधलं सरासरी आयएल-६ आलं मिलिलिटरमागे ३७ पिकोग्रॅमच्या आसपास, आणि कार-टीच्या स्टॉर्ममध्ये जवळपास त्याच्या शंभरपट. म्हणजे कोविडमध्ये फुफ्फुसात नुकसान करण्याइतका गोंधळ नक्की होता, पण ‘स्टॉर्म’ हा शब्द आपण फारच सढळ हाताने वापरला.

"पण मग स्टेरॉइडने लोक वाचले ते?"

वाचले. ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या कोविड औषधांच्या ट्रायलमध्ये जून २०२० ला दिसलं की डेक्सामेथासोन या जुन्या, अगदी स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये एक पंचमांशाने. पण त्याच ट्रायलमध्ये, ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही, उलट आकडे थोडे नुकसानीकडे झुकलेले होते. औषध तेच, डोस तोच. फरक वेळेचा, कारण सुरुवातीच्या दिवसांत तेच निरोप व्हायरस आवरत असतात आणि तेव्हा स्पीकर बंद केलात तर कोणाला कुठे पळायचं तेच कळणार नाही. टोसिलिझुमॅबचंही तसंच. त्या ट्रायलमध्ये ते सरसकट दिलं नव्हतं, ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा जास्त असेल अशांनाच, आणि तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. चांगलं आहे पण चमत्कार नाही. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत लोक या इंजेक्शनसाठी रात्रभर फोन फिरवत होते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आणि तापाच्या दुसऱ्या दिवशी घरीच स्टेरॉइड सुरू केलेले कितीतरी होते, त्यात डायबेटिस असला की शुगर वाढायची, इम्युनिटी दबायची, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचं (काळ्या बुरशीचं) जे बघितलं त्याला ही जोडी मोठं कारण ठरली.

"ही सायटोकाइनच बंद करून टाकली तर?"

काही आजारांत करतात, आणि त्याने लोकांची आयुष्यं बदललीत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यामध्ये टीएनएफची अनाउन्समेंट वर्षानुवर्षं चालूच राहते, कोणी बंदच करत नाही, आणि हाड झिजतं. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आल्यावर बोटं वाकडी होणं थांबवता यायला लागलं. सोरायसिससाठी आयएल-१७ अडवणारी औषधं आहेत, काही प्रकारच्या दम्यासाठी आयएल-५ अडवणारी.

पण याची किंमत आपल्या देशात जरा जास्तच आहे, आणि ती म्हणजे टीबी. आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या शरीरात टीबीचे जंतू निपचित पडलेले असतात, इम्यून पेशींनी त्यांच्याभोवती कडं करून ठेवलेलं असतं, आणि ते कडं टिकवायला टीएनएफ लागतं. ते अडवलं की कडं सुटतं. २००१ मध्ये या औषधांवरच्या पेशंटमध्ये टीबी उसळल्याची नोंद झाली आणि तेव्हापासून आधी तपासणी केल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, छातीचा एक्स-रे, मांटू (हातावर सुई टोचून करायची टीबीची टेस्ट) किंवा इग्रा. इग्रा टेस्टमध्ये तुमच्या रक्तातल्या टी पेशींना टीबीच्या जंतूचे तुकडे दाखवतात आणि त्या किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात ते मोजतात, म्हणजे ही चक्क सायटोकाइनचीच टेस्ट झाली. त्यामुळे सांधेदुखीला गेले आणि छातीचा एक्स-रे सांगितला, असं म्हणून डॉक्टरवर चिडू नका.

आणखी एक गोष्ट, टोसिलिझुमॅब घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी तर लिहूनच ठेवावी अशी. या औषधाने लिव्हरला आयएल-६ चा निरोपच पोचत नाही, मग सीआरपी बनत नाही. त्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी १ येऊ शकतो, तापही फारसा चढणार नाही. सीआरपी नॉर्मल आहे म्हणून घरी बसायचं नाही. आणि नवीन डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य या इंजेक्शनचं.

हार्टवाला सीआरपी वेगळा का

पॅकेजमध्ये ‘एचएस-सीआरपी’ असतो तो प्रोटीन म्हणून तोच आहे, फक्त अगदी कमी पातळी नेमकी मोजतो. १ च्या खाली, १ ते ३, आणि ३ च्या वर असे हृदयविकाराच्या धोक्याचे ढोबळ गट करतात. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थराला सूज असते, तो थर फुटला की अटॅक येतो, म्हणून हे मोजायचं. पोटावरची चरबीसुद्धा आयएल-६ सोडते, सिगारेटने आकडा वाढतो, हिरड्या खराब असतील तरी वाढतो. १० च्या वर आला तर तो हार्टसाठी वाचायचाच नाही, इन्फेक्शन असेल असं धरून काही आठवड्यांनी परत करायचा.

इथे एक सुंदर पुरावा आहे. काही लोकांमध्ये जन्मतः जीन्समुळे सीआरपी जास्त असतो, त्यांना हार्ट अटॅक जास्त येतात का बघितलं तर नाही येत. पण ज्यांच्यात जन्मतः आयएल-६ चा रिसेप्टर जरा मंद आहे त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो. म्हणजे गर्दी हटवून काही होणार नाही, मुळातली अनाउन्समेंट बघायला हवी. ती बंद करूनही बघितलंय. कँटोस नावाच्या ट्रायलमध्ये, २०१७ साली निकाल आला, अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांमध्ये आयएल-१ बीटा अडवलं, हार्टच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या, पण जीवघेणी इन्फेक्शनं थोडी वाढली आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

"मग इम्युनिटी वाढवायची का नाही?"

काढा प्यायचा तर प्या, आलं-गवती चहा मलाही आवडतो. पण ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेल्या बाटलीबद्दल एवढंच विचारते, नक्की कुठला निरोप वाढवायचाय? मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये सहा धडधाकट तरुणांना टी पेशींना थेट चालना देणारं नवं औषध पहिल्यांदाच दिलं, प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतकं. दीड तासाच्या आत डोकेदुखी, उलट्या, ताप, आणि पुढे सगळे सहा आयसीयूमध्ये. वाचले सगळे, पण इम्युनिटी खरोखर एकदम ‘बूस्ट’ केली की काय होतं ते तिथे दिसलं. बाटलीतल्या सरबताने असलं काही होत नाही, सुदैवाने, आणि बहुतेक वेळा दुसरंही काही होत नाही. लसीचं वेगळं, ती नेमक्या एका जंतूची ओळख करून देते आणि दोन दिवस दंड दुखला, अंग तापलं तर ते सायटोकाइनचंच काम.

पॅकेज बुक करण्याआधी

आयएल-६ ची टेस्ट हल्ली महागड्या पॅकेजमध्ये घालायला लागलेत. आयसीयूमध्ये, कार-टीनंतर, अशा ठिकाणी तिचा उपयोग आहे. चालत्या-फिरत्या माणसाने हौसेने करायची ही टेस्ट नाही, आकडा थोडा जास्त आला तर त्याचं करायचं काय हे कोणताही डॉक्टर तुम्हाला धड सांगू शकणार नाही.

सीआरपी बघताना आधी युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे, म्हणजे एकीकडचा २.४ आणि दुसरीकडचा २४ एकच. वाशीच्या लॅबचा जुना रिपोर्ट आणि ठाण्याच्या लॅबचा नवा शेजारी ठेवून "आठवड्यात दहापट वाढला" म्हणून घाबरलेली माणसं असतात. तुलना करायची तर शक्यतो एकाच लॅबचे रिपोर्ट घ्या, आणि सर्दी-खोकल्याच्या आठवड्यात चेकअप बुक झालं असेल तर तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकला, बहुतेक लॅबवाले एका फोनवर बदलून देतात.